कंदिलाच्या जागी हाक

"मामी, रेडिओवर कंदील दिसत नाही," नित्या पुन्हा म्हणाली. "हाक मारावीच लागेल. नावानं."

शेषम्मानं तमिळ लिपीत लिहिलेला कागद मिटला. "नुसतं 'अहो' नाही चालणार?"

"कुणाला हाक मारताय, ते ऐकणाऱ्याला कसं कळणार?"

नाटक दूरच्या बर्फाळ देशातलं, फार जुनं. रंगमंचावर कोळ्याची बायको वादळात कंदील उंच धरते आणि पडदा पडतो. शेषम्माच्या यजमानांनी, हनुमंतरावांनी, ते नित्याच्या कॉलेजच्या रेडिओसाठी तंजावुरी मराठीत आणलं. समुद्राची कावेरी झाली, कोळ्याचा नावाडी झाला, कंदिलाच्या जागी हाक आली. बायकोचं काम त्यांनी शेषम्माला दिलं, आणि नावाड्याला मुद्दाम स्वतःचंच नाव.

"एकावन्न वर्षांत हिनं माझं नाव घेतलेलं नाही," अंथरुणावरून ते फोनवर नित्याला सांगत. "रेशनच्या दुकानात विचारलं तर कार्ड पुढे करते! एकदा ऐकायचंय मला. मग डॉक्टरांना काय म्हणायचं ते म्हणू देत."

दर तालमीला त्यांचा फोन यायचा. दर तालमीला शेषम्मा त्या ओळीपाशी गप्प व्हायची.

"आमच्या घरात बायको नवऱ्याचं नाव एकदाच घेते," आज ती म्हणाली. "आईनंही एकदाच घेतलं."

"लग्नात?"

"तू तुझं मशीन बघ ग. वेळ आली की घेईन."

दुसऱ्या दिवशी अकराला थेट प्रसारण होतं. शेषम्मा ऑटोतून उतरली तेव्हा पाचच मिनिटं उरली होती.

"कापी?" नित्यानं कॉफीचा टंबलर पुढे केला. एरवी दोन टंबलर संपवणाऱ्या शेषम्मानं मान हलवली.

"घरी घेतलीत?"

"आज गॅस पेटवला नाही."

"मामांचा फोन नाही आला. रागावलेत का?"

"आता कुठला राग. रेडिओ उशाशी लावून आलेय. सून बसलीय जवळ."

लाल दिवा लागला. शेषम्मा एकदाही अडखळली नाही. शेवटच्या प्रवेशात नित्यानं सुपात चिंचोके हलवून पाऊस पाडला. ओळ आली.

"हनुमंतराव!"

मग पुन्हा. तिसऱ्या वेळी ती हाक अशी काही आली, की नित्याचा हात थांबला आणि तिचा पाऊस मधेच बंद पडला.

दिवा विझला. नित्या डोळे पुसत धावली. "घेतलंत की हो मामी! मामा किती खूष झाले असतील!"

शेषम्मा वाकून चपला शोधत होती.

"ऑटो थांबवलीय ग," ती म्हणाली. "नाटक संपेपर्यंत त्यांना उचलायचं नाही, असं सगळ्यांना सांगून आलेय."