मागची पायरी

अन्यायाचा कायदा एका सहीने रद्द होतो. त्याने देहाला लावलेली सवय मात्र जन्मभर सुटत नाही.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या एका लहान गावी डॉक्टर रत्ना मेश्राम हिचा दवाखाना होता. १९८४ साल होते. काळ्या-गोऱ्यांची वेगळी दारे कधीच इतिहासजमा झाली होती. तरी ओडेसा ही कृष्णवर्णीय वृद्धा येई ती मागच्या दारी, आणि तिथल्या पायरीवर बसून राही.

"मिस ओडेसा, पुढचं दार तुमचंही आहे!" रत्ना चिडून म्हणे.

"पुढल्या वेळी, डॉक्टर," म्हणून ती हसे.

त्या दिवशी नागपूरहून आलेले रत्नाचे वडील, धर्मराज, प्रथमच दवाखाना पाहायला येणार होते. शेजाऱ्यांची गाडी त्यांना दवाखान्यापाशी सोडून गेली, तरी ते आत येईनात. शोधत शोधत रत्ना मागे गेली. ते ओडेसाशेजारी बसले होते. भाषा कळत नसूनही तिने सरकून त्यांना जागा दिली होती.

"आबा, पुढे आपल्या नावाची पाटी आहे. वाचली नाहीत?"

"वाचली ना, पोरी. पण गावी आपल्या जातीला डॉक्टर मागच्या दारीच तपासायचा; अजूनही डॉक्टरची पाटी दिसली, की पाय आपसूक मागच्या दाराकडे वळतात."

रत्ना त्यांना आत चला म्हणाली नाही. ती त्या दोघांच्या पायांशी बसली.

त्या शिणलेल्या पावलांना विसावा लाभो.