मुलीची पसंती

सोफ्यावर टेकण्याआधी मुलाच्या वडिलांनी कमरेचं पिस्तूल काढून पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं. "बसताना टोचतं हो," ते हसले. "लायसनचं आहे. आजवर एक गोळी झाडलेली नाही. नुसतं कमरेला दिसलं की कामं होतात."

शैलाचा नवरा उगाचच हसला. तिला मात्र मुलगा पटला नव्हता. आल्यापासून तो स्वतःच्या आईवर खेकसत होता. "मनात भरला नाही तर सरळ नाही म्हण, मी आहे पाठीशी," असं तिने सकाळीच लेकीच्या साडीला पिना लावताना बजावलं होतं. लेकीचा नकार आता तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"आमची जबरदस्ती नाही," मुलाचे वडील म्हणाले. बशी जवळ ओढताना त्यांनी पिस्तूल जरा सरकवलं, तशी त्याची नळी शैलाच्या नवऱ्याकडे वळली. "मुलीलाच विचारा. मोकळेपणाने सांगू द्या."

लेकीने मान वर केली, आईकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं.

"तिला काय विचारायचं? पसंत आहे तिला," शैला घाईने उठत म्हणाली. "लाजतेय. थांबा, साखर आणते."