मुखरूची जीभ

मासोळीचा घास तोंडात पडला की ती कोणत्या पाण्यातली, हे मुखरू डोळे मिटून सांगायचा. आरमोरीकडच्या साऱ्या गावांत त्याच्या जिभेचा शब्द शेवटचा. म्हणून एकावन्न सालच्या उन्हाळ्यात इस्तारीच्या चुलीवरचा मासोळीचा रस्सा पंचांपुढे आला, तेव्हा मुखरूलाच बोलावणं गेलं. मासोळी वैनगंगेची आहे, असं इस्तारी हात जोडून सांगत होता. पंचांना संशय देवीच्या तलावाचा होता, आणि तिथली मासोळी खाणारं घर गाव वाळीत टाकायचं.

पहिल्याच घासाला मुखरूने पाणी ओळखलं. खरं सांगावं तर इस्तारीचं घर बुडणार, आणि खोटं बोलायला जीभ वळेना. सारं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

"नदीची नाई," शेवटी तो मान खाली घालून म्हणाला, "देवीच्याच तलावाची हाय."

इस्तारीच्या बायकोने हंबरडा फोडला. सुटलो एकदाचा, असं मनाशी म्हणत मुखरू घाईघाईने उठला.



"थांब गा मुखरू," म्हातारी सुगंधाबाई म्हणाली, "त्या तलावाची मासोळी त आजवर गावात कोनीच खाल्ली नाई. मंग तुले तिची चव कशी मालूम?"