उचलायचा नाही तो फोन

“बँकेचा म्हणून फोन आला की उचलायचाच नाही, आई. सगळे चोर असतात,” असं मुलाने तिला बजावून ठेवलं होतं. आज शिवणयंत्रावर बसल्या बसल्या तिने घाईत नंबर न बघताच फोन उचलला.

“बँकेतून बोलतेय. तुम्ही आत्ता काही ऑनलाइन खरेदी करताय का?” पलीकडच्या मुलीने विचारलं. “मला कुठलाही नंबर सांगू नका. शंका असेल तर फोन ठेवा आणि तुमच्या कार्डामागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा.”

तिने तसंच केलं. फोन खरंच बँकेत लागला.

“तुमच्या कार्डावरून कुणीतरी महागडा मोबाइल मागवतंय,” तिथले साहेब म्हणाले. “थांबवू?”

“अहो, थांबवा!”

“थांबवलं. याआधीही दोनदा आम्ही असेच फोन केले होते. तुम्ही उचलले नाहीत.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलगा तणतणत बाहेर आला. “ऐन वेळी पेमेंट अडकलं! आता तो मोबाइल…” तिच्या कानाशी फोन बघून तो थबकला. “कोण आहे? बँक? शंभरदा सांगितलं होतं ना, उचलायचा नाही म्हणून! अक्कल गहाण टाकलीस का?”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“आणि मी शेजारीपाजारी सांगत फिरत होते, पोरगा मला चोरांपासून किती जपतो म्हणून!”

मग ती फोनमध्ये म्हणाली, “साहेब, तक्रार लिहून घ्या. चोराचं नाव मी सांगते.”