शेजारचा चौकोन

निवृत्त बसचालकाने खुर्चीतून उठून एक गिरकी घेतली. झालं! कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढली होती, तीही दुकानात न नेता, स्वतःच्या हातांनी. आयुष्यभर रेकॉर्ड केलेले पक्ष्यांचे आवाज जागच्या जागी होते. एकही पक्षी उडाला नव्हता. स्वारी भलतीच खुशीत होती.

आता राहिला जागेचा प्रश्न. आठवडाभर खिडकीबाहेर एक अनोळखी पक्षी गात होता आणि त्याचा आवाज साठवायला डिस्कवर तसूभरही जागा नव्हती. पडद्यावर डिस्कचे दोन चौकोन शेजारीशेजारी दिसत होते. एक त्याचा, पक्ष्यांनी काठोकाठ भरलेला. दुसरा बायकोचा. ती शिवणकाम करायची. सात वर्षांपूर्वी ही डिस्क आली, तेव्हा तिने भांडून अर्धी जागा घेतली होती. "माझे कपड्यांचे नमुने ठेवायचेत. डोकवायचं नाही," अशी तंबीही दिली होती. तिच्या कात्रीला आणि तिच्या चौकोनाला हात लावायची त्याची टाप नव्हती.

पण आज अंगात वारं शिरलं होतं. तिचे नमुने पेनड्राइव्हवर उतरवायचे, तिचा चौकोन पुसायचा आणि दोन्ही जागा एक करून तिला थक्क करायचं! पेनड्राइव्ह सकाळपासून खिशात तयार होता. शीळ घालत त्याने बटण दाबलं.

'सगळं पुसलं जाईल. चालेल?' पडद्याने विचारलं.

"चालेल काय, धावेल!" तो म्हणाला.

दोन चौकोनांचा एक ऐसपैस चौकोन झाला. त्याने टाळी वाजवली, धपकन खुर्चीत बसला, आणि खिशातला पेनड्राइव्ह मांडीला टोचला. तो कोराच होता. त्याचं धाबं दणाणलं.

तेवढ्यात खाकी कागदाची गुंडाळी काखेत मारून बायको आत आली.

"अगं, तुझे सगळे नमुने मी पुसून टाकले," तो एका दमात बोलून गेला. त्याला रडूच फुटायच्या बेतात होतं.

तिने पडद्याकडे पाहिलं आणि ती पोट धरून हसत सुटली. "त्यात होतं काय पुसायला? माझे नमुने आजही कागदावरच असतात की!"

"मग सात वर्षं जागा अडवून कशाला ठेवलीस?"

"अहो, तुम्हाला एक दिवस ती कमी पडणार, हे का मला ठाऊक नव्हतं? तेव्हाच तुमच्या हाती दिली असती, तर आज या पक्ष्यासाठी उरली असती का?"