राहिलेली भेग

मुंजाबा सुतारानं कामात भेग ठेवली, असं औरंगाबादेत कुणी म्हटलं नव्हतं. आप्पासाहेबांच्या जुन्या, लाकडी बांध्याच्या मोटारीची बाहेरची सागवानी चौकट त्यानं खरवडली, कुजलेलं लाकूड बदललं. दाराच्या भेगेत भुसा अन् सरस भरणार, तोच आत हिरव्या बांगडीची काच चमकली. चहा घेऊन आलेल्या मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "तेवढी ऱ्हाऊ द्या. पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात बिडकीनहून सासरी निघताना ह्यांनी दार लावलं अन् माझी बांगडी अडकली. ह्यांना सांगू नका, हसतील." संध्याकाळी आप्पासाहेब एकटेच आले, भेगेवर अंगठा ठेवून कुजबुजले, "आमच्या लग्नातली काच हाय. बुजवू नको, हिला सांगू नको." जवसाचं तेल पिऊन चौकट झळकली, तेव्हा दोघं बघायला आले. "मुंजाबा, भेग राहिली की!" दोघं एकदमच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मुंजाबानं मान खाली घातली. "चुकलंच माझं."