वस्ती विकाऊ नाही

मेक्सिको सिटीतल्या एका बागेत 'आमची वस्ती विकाऊ नाही' असा फलक लावून सभा भरली होती. कोपऱ्यावर तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, विकणाऱ्या ओतिलियाबाईही टोपली झाकून गर्दीत उभ्या राहिल्या. माइकवर रेनाता होती. वर्षापूर्वीच राहायला आलेली, पण बोलत होती अगदी पोटतिडकीने. बाहेरचे लोक येतात, दुप्पट भाडं मोजतात आणि जुनी माणसं हुसकावली जातात. यापुढे एकालाही हलू देणार नाही, म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. ओतिलियाबाईंनीही वाजवल्या. पोर मनाची चांगली होती, रोज सकाळी त्यांच्याकडूनच तमाले न्यायची.

तेवढ्यात रेनाताने त्यांना हात धरून पुढे आणलं. "या खऱ्या इथल्या. मावशी, सांगा ना सगळ्यांना, कुठल्या घरात राहता तुम्ही?"

बाईंना कसंनुसं झालं. चारचौघांत पोरीचा पाणउतारा करणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी माइक हळूच बाजूला सारला आणि तिच्या कानाशी लागून म्हणाल्या, "आता लांब चाल्कोला, लेकीकडे. त्याआधी जन्मभर, तू राहतेस ना, त्याच घरात होते. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो का गं?"